होडी गेली तेव्हा आम्ही नारळ खवत होतो

"अहो वहिनी, तुम्ही जरा आत बघता का? पुऱ्या संपल्यात. तुमचंच आहे ना सगळं."

मुलुंडच्या काकू बोलल्या. हातात रिकामी प्लेट, तोंडभर हसू. बाई वाईट नव्हती, आदल्या दिवशी बसमध्ये सगळ्यांना स्वतःच्या डब्यातली वडी वाटत होती.

माझी बायको शुभांगी तेव्हा नाश्त्याला बसली होती. टेबलावर, खुर्चीत. नवा ड्रेस, ओढणीला पिन. पुरीचा पहिला तुकडा बटाट्याच्या भाजीत बुडवला होता. तो तसाच ठेवला तिनं. उठली. पिन काढली, ओढणी कमरेला खोचली आणि आत गेली.

आणि मी काय केलं? मी पण उठलो आणि तिच्या मागून आत गेलो. तोंडातून शब्द नाय काढला.

हे मालवणातल्या एका लॉजवर घडलं, कोकण दर्शनाच्या सहलीत. आम्ही तिथं कामाला गेलो नव्हतो. पैसे भरून गेलो होतो, इतर सगळ्यांनी भरले तेवढेच. बसमधल्या दोन सीटा आमच्या होत्या. त्या पुऱ्या पण आमच्याच होत्या, पण खायच्या.

मी आचारी. बोरिवलीला एक सहल कंपनी आहे, तिच्यात. काश्मीर, केरळ, राजस्थान, कुठं म्हणाल तिथं लोकांना नेतात, आणि आचारी बरोबर नेतात. कारण आपल्या लोकांना हिमालय बघताना पण वरणभात लागतो. समोर बर्फ आणि ताटात पिठलं. ते पिठलं माझं. ह्याच कामात केस पिकले. चारकोपला आमच्या सोसायटीत सगळे म्हणतात, "तुझी मजा आहे यार, वर्षभर फिरतोस." नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. माझं काश्मीर म्हणजे हॉटेलच्या मागची मोरी. लोक पॉइंट बघून येईपर्यंत इथं कुकरच्या शिट्ट्या व्हायला पाहिजेत. बर्फ बघितलाय मी, नाय असं नाय. भांडी घासायच्या जागेच्या बाजूला साठलेला, काळा.

शुभांगीनं तेवढा पण बघितला नाय. ती इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात पॅकिंगला जाते. उभ्याचं काम. घरी आली की परत ओट्यापाशी उभीच. गणपतीला आणि शिमग्याला गावाला जातो, ती म्हणे आमची सुट्टी. कसली डोंबलाची सुट्टी! गाडीतून उतरली की पदर खोचते तो परतीच्या गाडीत बसेपर्यंत. गाव आमचं कणकवलीच्या आत, डोंगराच्या अंगाला. मालवणचा समुद्र तिथून काय फार लांब नाय. पण तिनं कधी बघितला नव्हता. कोण नेणार? ती गेली तर मोदक कोण वळणार?

मग तिला भिशी लागली. गाळ्यातल्या बायकांची भिशी. आमची पोरगी म्हणाली, फ्रीज घेऊ, जुन्याची वाट लागलीय. शुभांगी म्हणाली, "मला फिरायला जायचंय. तुम्ही लोकांना नेता ना, तसं. बसमधून. खिडकीला." खिडकीला म्हणताना लाजली. एवढ्या वर्षांत ह्या बाईनं माझ्याकडं काय मागितलं आठवायला गेलो, तर काय आठवेना. मला फार वाईट वाटलं.

काश्मीर काय परवडणारं नव्हतं. कोकण दर्शन बसलं पैशात. शेजारीण म्हणाली, "अगं, कोकणातली माणसं कोकण बघायला पैसे भरतात?" शुभांगी म्हणाली, "बघितलंय कुठं अजून?"

शेठकडं सुट्टी मागायला गेलो. शेठ म्हणजे कंपनीचा मालक. "कशाला?" म्हणाला. म्हटलं, फिरायला.

"फिरायला? तू?"

आणि हसला. मनापासून हसला, वाईट मनानं नाय. कोणी मरण पावलं, लग्न आहे, डॉक्टरकडं न्यायचंय, असं सांगितलं असतं तर हसला नसता. सुट्टीसाठी आमच्यात असलं काहीतरी कारणच लागतं. नुसतं फिरायचंय म्हटलं की माणूस येडा वाटतो. "बरं जा," म्हणाला, "कोकण दर्शनच्या सीटा खाली आहेत, भर पैसे."

तिथंच माझी चूक झाली. ज्या सहलीवर माझी ड्युटी लागणार होती, त्याच सहलीला मी पॅसेंजर म्हणून निघालो. मला वाटलं, माझ्या जागी बदली देतील. बाप माझा गिरणीत बदली कामगार होता. रोज गेटवर जाऊन उभा राहायचा, कोणी कायमवाला आला नाय की ह्याला आत घ्यायचे. त्यामुळं माझ्या डोक्यात लहानपणापासून एकच हिशोब, एकानं सुट्टी घेतली की त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. शेठला विचारायचं पण सुचलं नाय मला.

बस बोरिवलीहून निघाली. शुभांगी खिडकीला. दहिसर गेलं, ठाणं गेलं, ही काच सोडायला तयार नाय. मधे एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, काय करता विचारलं तर नुसतं सर्व्हिस करतो म्हणा हां."

कारण आमच्या सहलींत ओळखीचा कार्यक्रम असतो. बसमध्ये माईक फिरवतात. नाव, गाव, काय करता. कोण रिटायर्ड बँक मॅनेजर, कोण इंजिनिअर, कोणाचा मुलगा परदेशात. हा कार्यक्रम मी ऐकून होतो, माझ्यापर्यंत माईक कधी आला नव्हता. शुभांगीनं घरी आरशासमोर आपलं वाक्य पाठ केलं होतं. मी ऐकलं होतं ते चोरून.

माईक आला. मला खोटं बोलायला जमेना. म्हणजे, लाज कशाची, असं वाटलं मला त्या वेळी. म्हणालो, "मी ह्याच कंपनीत आचारी आहे. ह्या वेळी मिसेसला घेऊन फिरायला आलोय."

मग मुलुंडच्या काकू ओरडल्या, "अय्या! म्हणजे जेवणाची चिंताच मिटली!"

अख्खी बस हसली. टाळ्या पडल्या. टूर मॅनेजर निनाद, चांगला शिकलेला पोरगा, तो म्हणाला, "काका म्हणजे आपला घरचाच माणूस!" मी पण हसलो. दात काढून हसलो, आठवलं की अजून अंगावर काटा येतो. त्या हसण्याच्या गडबडीत निनादनं माईक पुढच्या सीटवर दिला. शुभांगीचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. तिनं परत काचेकडं तोंड केलं.

संध्याकाळी लॉजवर पोचलो. सामानाचा टेम्पो आधीच आला होता. सवयीनं मागच्या बाजूला डोकावलो तर स्वयंपाकघरात बाळू एकटाच. बाळू म्हणजे माझा जोडीदार. सगळ्या सहली आम्ही दोघांनी मिळून केल्या. दोन शेगड्या पेटलेल्या, कणीक भिजवायची बाकी, घामानं बनियन पाठीला चिकटलेला.

"बदली कुठाय?"

"खंयची बदली? शेठ म्हणालो, छोटी टूर आसा, एकटो कर. तू कित्या इलंस हंय? जा, भायर जाऊन बस."

बाहेर जाऊन बसलो. बाजूला शुभांगी. बाळू वाढायला आला. एका हातात वरणाची बादली, दुसऱ्यात भाताचं पातेलं. माझ्या पानापाशी आला. मी सुट्टी घेतली म्हणून हा मरतोय. मी खुर्चीत बसलोय आणि हा माझ्या वाटणीचं ओझं उचलतोय. मी उठलो, त्याच्या हातातली बादली घेतली आणि वाढायला लागलो.

लोक खूश. "वा काका!" झालं. आमटी इकडं, काका. भात इकडं, काका. मी सगळ्यांना वाढलं. पहिला मी उठलो, हे मला सांगितलंच पाहिजे. सकाळी शुभांगीला काकूंनी उठवलं, पण वाट मी दाखवून ठेवली होती.

पुऱ्यांचं झालं. मग निनाद आला. "काका, आज सगळ्यांना मासे पाहिजेत. बाळू एकटा आहे. तुम्ही तर घरचेच. होडी काय, संध्याकाळी पण सुटते, तुम्हाला मी स्वतः नेतो."

होडी किल्ल्याची. सिंधुदुर्ग. सगळी सहल त्याच्यासाठी. शुभांगीनं पायातल्या चपला बदलून ठेवल्या होत्या, पाण्यात भिजल्या तर म्हणून.

मी तिला म्हटलं, तू जा. ती म्हणाली, "तुम्ही आत आणि मी होडीत? लोक काय म्हणतील? आणि बाळूभावोजी एकटे किती करणार?"

सगळे गेले. मी सुरमई कापायला घेतली, शुभांगी विळीवर बसली. कालवणाचं वाटप, सोलकढी, सगळ्याला नारळ. एक फोडून झाला की दुसरा. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून समुद्राची एवढीशी पट्टी दिसत होती. थोड्या वेळानं त्या पट्टीतून होडी गेली. मुलुंडच्या काकूंची केशरी टोपी लांबून ओळखू आली. शुभांगीचा हात थांबला. होडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"केवढी मोठी असते नाय हो होडी," म्हणाली. आणि परत खवायला लागली.

मंडळी दुपारी परत आली, उन्हानं लाल झालेली, भुकेलेली. शुभांगी वाढत होती. काकूंनी तिचा हात धरला. "अहो, तुम्ही का नाही आलात? फार चुकवलंत हो! काय तो किल्ला, काय ते पाणी! पण ही कढी मात्र अप्रतिम झालीय." आणि पर्समधून एक नोट काढून घडी करून शुभांगीच्या मुठीत कोंबली. "हे ठेवा. नाही म्हणायचं नाही."

तिनं नाय म्हटलं नाय. म्हणजे तिला कळलंच नाय काय करायचं ते. हाताला नारळाचा चिकटा, त्यात ती नोट. तशीच माझ्याजवळ आली आणि विचारलं, "अहो, ही घ्यायची असते का?"

मी आजवर किती लोकांची खुशी घेतलीय. सलाम ठोकून घेतलीय. पण त्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याच भिशीच्या पैशांनी आम्ही आलो होतो आणि तिला टिप मिळाली होती.

सगळे दुपारचे झोपायला गेले. संध्याकाळच्या होडीचं निनादनं नावही काढलं नाय. मागच्या दारात बाळू पालथ्या क्रेटवर बसून जेवत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "माफ कर रे. माझ्यामुळं तू एकटा पडलास."

बाळूनं घास खाली ठेवला. एवढा शांत माणूस, पण भडकला.

"तुझ्यामुळं? अरे, शेठनं बदली दिली नाय! तुझे सीटचे पैसे घेतले, बदलीचा पगार वाचवला, आणि वर दोन माणसं फुकट राबायला. डोकं आहे का खोकं? तू काल उठला नसतास तर काय झालं असतं? जेवण रखडलं असतं. लोक बोंबलले असते. शेठला फोन गेला असता आणि झक मारत बदली पाठवली असती त्यानं. तू उठलास आणि सगळं झाकलंस."

तो घोटभर पाणी प्यायला.

"माझ्या आवशीक किल्लो दाखवचो आसा माका," बाळू म्हणाला. आवाज उतरला होता त्याचा. "मालवणात आयुष्य गेलं आईचं मासे विकण्यात, किल्ल्यात पाय ठेवला नाय. पैसे भरून आणणार होतो तिला एकदा. आता आणली तर तिच्या हातात पण विळी देतील. म्हणतील, त्या वहिनी नाय का बसल्या होत्या खवायला? वाईट पायंडा पाडलास तू."

तो ताट घेऊन मोरीकडं गेला. मी बसून राहिलो.

लाज मला वाटत होती. कालपासून मीच ती मुकाट गिळत होतो. पण ती माझ्या पानात वाढली कोणी? बदली दिली नाय शेठनं, आणि झोप उडाली माझी. काकूंना पुरी पाहिजे, आणि अपराधी वाटतंय माझ्या बायकोला. आम्हाला बसलेलं बघून कोणी ओरडायची पण गरज नाय, आम्ही आपले आपणच उठतो. बाप गेटवर उभा राहिला, बायको गाळ्यात उभी राहिली, मी शेगडीपाशी. उभं राहण्याची एवढी सवय झालीय की खुर्ची टोचते.

रात्रीच्या जेवणाला मी शुभांगीला घेऊन मधल्या टेबलावर बसलो. ती आत बघत होती सारखी. भाकऱ्या कमी पडायला लागल्या. निनाद आला.

"काका, भाकऱ्यांचं जरा... वहिनींना सांगता का?"

"मी पॅसेंजर आहे," मी म्हणालो. "ही पण."

त्याला कळलं नाय. हसला. शुभांगी उठायला लागली. मी तिचं मनगट धरलं.

"बस."

"अहो, पण..."

"बस म्हटलं ना."

काकू म्हणाल्या, "एवढं काय त्यात? आपण सगळे एका घरचेच ना?"

"मग आज तुम्ही जा ना काकू आत. घरच्याच आहात तुम्ही पण."

आणि खिशातून ती नोट काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "हे तुमचं आमच्याकडं राहिलं होतं."

काकूंचा चेहरा पडला. त्यांचे मिस्टर भाताकडं बघत म्हणाले, "ह्या लोकांना जरा डोक्यावर घेतलं ना, की हे असं होतं." हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मी उठलो मात्र नाय.

भाकऱ्या उशिरा आल्या. बाळू थापायचा, भाजायचा, आणून वाढायचा, परत आत. माझ्या पानात भाकरी टाकली तेव्हा मला मान वर करवेना. दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसलो होतो. त्यानं खांद्यावर हात ठेवला. "जेव," म्हणाला.

मला वाटलं, शुभांगी खूश होईल. कसलं काय! खोलीत आल्यावर पलंगाच्या कडेला बसली आणि रडायलाच लागली. मग माझ्यावर उखडली. "आत्ता बोललात? सकाळी काय झालं होतं तोंडाला? मी पुरी टाकून उठले तेव्हा हात का नाय धरलात? होडी गेल्यावर बोललात तुम्ही!"



पुढं देवळं बघितली, बाजार बघितला, दोन किनारे बघितले. आमच्याशी फारसं कोणी बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच निनादनं गावातली एक बाई भाकऱ्या-पोळ्यांना लावली. म्हणजे माणूस मिळत होता. पहिल्यापासून मिळत होता.

परतीला बसमध्ये पुन्हा माईक फिरला. सहल कशी वाटली, सांगा. सगळे म्हणाले, मस्त, झकास, जेवण तर काय विचारू नका. आमच्या सीटपाशी आल्यावर निनादनं माईक पुढं न्यायला घेतला. शुभांगीनं हात पुढं केला. केलेला हात मागं घेईना. शेवटी दिला त्यानं.

"मी शुभांगी," ती म्हणाली. "चारकोपला राहते. पॅकिंगचं काम करते. मी पैसे भरून आले होते. मी किल्ला बघितला नाय."

माईक परत दिला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. ह्या वेळी टाळ्या वाजल्या नाय.

परत आल्यावर शेठनं बोलावून घेतलं. तक्रार गेली होती. "घरचा माणूस म्हणून सांगतो," म्हणाला, "त्या लोकांना फोन करून सॉरी बोल."

म्हटलं, "शेठ, मी घरचा नाय. मी तुमच्याकडं कामाला आहे. आणि त्या सहलीत कामाला पण नव्हतो."

त्यानंतर मला सहल लागली नाय. आता इस्टेटमधल्या एका कँटीनला भाज्या करतो. पगार कमी झाला, फ्रीज जुनाच आहे. घरात खटके उडतात त्यावरून, खोटं कशाला बोलू? बाळू अजून शेठकडंच आहे. मागच्या सहलीला त्याला एकट्याला धाडत होते, तर म्हणाला, बदली द्या, नायतर मी पण पॅसेंजर होतो. बदली मिळाली.

लोक विचारतात, आपल्यासारख्यांना फिरणं परवडतं का? पैसे काय, भिशी लागली की होतात गोळा. बसणं परवडत नाय आम्हाला. अजून कोणाच्या लग्नात पंगतीला बसलो आणि वाढपी एकटा दिसला, की माझे पाय आपोआप हलतात. काळजात काहीतरी टोचतं.

टोचू दे. शुभांगीनं परत भिशी धरलीय. ह्या वेळी सीटा जास्त भरायच्या आहेत, बाळूच्या आईची पण. माईक आला की नाव सांगायचं, काम सांगायचं, आणि आधी माईक शुभांगीच्या हातात द्यायचा. मग होडीत बसायचं. म्हातारी मधे, शुभांगी कडेला. धक्क्यावरून कोणी हाक मारू दे, काका, जरा आत बघता का?

होडीची फळी टोचेल, पाय हलतील. उठणार नाय.